बेटावरचा डाव आणि कुकडी-घोडीचा मुलूख

रिकाम्या बेटावर शहर वसवायचे झाले तर प्रथम काय बांधावे? देऊळ, विहीर, चावडी की दुकान? आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देऊन ठेवली आहेत. आजची तरुण मंडळी तोच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर सोडवीत बसतात. ‘ट्रोपिको’ नावाचा असा एक खेळ २००१ साली निघाला आणि त्याच्या नवनव्या आवृत्त्या आजही मोठ्या आवडीने खेळल्या जातात. कॅरिबियन समुद्रातले एक बेट, आपण त्याचे सर्वाधिकारी, पदरी मूठभर माणसे, एक राजवाडा, एक धक्का आणि दोन-चार शेते. एवढ्या भांडवलावर राज्य फुलवायचे.

या खेळाचे एक शास्त्र आहे. आधी मका लावून पोटाची सोय करावी. मग तंबाखू किंवा ऊस लावावा. पण कच्चा माल तसाच परदेशी धाडू नये. तंबाखूचे चिरूट वळावेत, उसाची रम गाळावी, लाकडाची खुर्च्या-टेबले करावीत. पक्क्या मालाला भाव चढा मिळतो. शेत कारखान्याजवळ असावे, कारखाना धक्क्याजवळ असावा आणि कामकऱ्यांची घरे दोहोंपासून फार दूर नसावीत. घरांची सोय नसली तर माणसे मिळेल त्या जागी झोपड्या उभारतात आणि सर्वाधिकाऱ्याची लोकप्रियता उतरणीला लागते. कोणती जमीन कोणत्या पिकाला मानवते हे पाहायचे तर एक कळ दाबावी. सारे बेट रंगांनी आपली कुंडली मांडून दाखवते. चुकले तर इमारत पाडावी आणि दुसरीकडे बांधावी.

माझा भाचा या शास्त्रात पारंगत आहे. तो पुण्यात अभियांत्रिकीचा अभ्यास करतो आणि उरलेल्या वेळात बेटे वसवतो. “मामा, सगळा प्रश्न मांडणीचा असतो,” असे तो मला नेहमी सांगतो. मी पडलो मराठीचा अध्यापक. मांडणी हा शब्द मला निबंधाच्या अनुषंगानेच परिचित. तिथेही ती फारशी कोणाला साधत नाही. तेव्हा गेल्या वैशाखात, सुट्टीचे चार दिवस हाताशी होते म्हणून, मी त्याला जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत घेऊन गेलो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या या मुलुखात दोन हजार वर्षे माणसांनी धंदे निवडले, गावे मांडली, मोडली आणि पुन्हा मांडली. असे बेट त्याच्या पडद्यावर सहसा सापडायचे नाही.

“पण इथे समुद्र कुठे आहे?” जुन्नरच्या स्थानकावर घाटघरच्या एस.टी.ची वाट पाहताना त्याने विचारले.

“समुद्र नाही, पण धक्का आहे,” मी म्हटले. “तोच पाहायला चाललो आहोत.”

हा धक्का म्हणजे नाणेघाट. जुन्नरहून पश्चिमेला तास-दीड तासाने आपण सह्याद्रीच्या अगदी कडेला येऊन उभे राहतो. एका बाजूला जीवधनचा कडा, समोर एकदम खाली कोकण, आणि मध्ये कातळात फोडलेली एक अरुंद खिंड. खालच्या अंगाला कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे; वरच्या अंगाला जुन्नर आणि त्यापलीकडे पैठणपर्यंतचा सारा देश. जहाजातून उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून या खिंडीत चढत असे. खिंडीच्या माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख वाचताना गंमत वाटते. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांची मोजदाद त्यात आकड्यांनिशी दिली आहे. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे तिथे होते, त्यांची आता पावलेच उरली आहेत. माणसे गेली, हिशेब राहिला.

भाचा त्या रांजणाभोवती दोनदा फिरला. “जकात नाका अगदी बरोबर ठिकाणी आहे,” त्याने दाखला दिला. “इथून चुकवून जायला दुसरी वाटच नाही.”

खरोखरच ही मांडणी पक्की होती. घाटमाथ्यापासून जुन्नरपर्यंत जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे किल्ले वाटेवर नजर ठेवून बसले आहेत. वाट आधी, मग जकात, मग पहारा आणि शेवटी बाजारपेठ, असा हा क्रम आहे. जुन्नर शहर कोणी शुभमुहूर्तावर कोनशिला बसवून वसवले नाही. घाट चढून दमलेल्या बैलांना जिथे पहिला सपाट मुक्काम आणि कुकडीचे पाणी मिळाले, तिथे ते वसले.

त्या पेठेत कोण कोण धंदे करीत होते, हे जुन्नरभोवतालच्या डोंगरांना विचारावे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. इतकी बौद्ध लेणी एका गावाभोवती क्वचितच आढळतील. आपण लेण्याद्रीला जातो ते गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला. पायऱ्या मोजतो, प्रसाद घेतो आणि उतरतो. पण या डोंगरांतले शिलालेख म्हणजे जुन्या जुन्नरच्या पेठेची नामावळी आहे. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दान दिल्याचे म्हटले आहे. दुसऱ्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख येतो. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांचा संघ. धंदाही करायचा आणि लोकांच्या ठेवी सांभाळून धर्मकार्याला व्याजही पुरवायचे, अशी ही व्यवस्था. कोणी यवन म्हणजे परदेशी ग्रीक गृहस्थ पाण्याच्या टाक्या आणि भोजनमंडप देऊन गेले आहेत. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीला आहे.

“धान्य, बांबू, कासे,” भाच्याने बोटे मोडली. “एकाच मालावर अवलंबून नव्हते. तंबाखूवरच सारे बेट उभे केले की भाव पडला त्या वर्षी राज्य गडगडते.”

पडद्यावरच्या राज्याचा हा नियम जुन्नरला फार जुन्या काळापासून ठाऊक असावा. कारण इथली राजधानी गेली तरी गाव गडगडले नाही. मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला तो जुन्नरच्या बळावर. पुढे १४९० नंतर त्याने सीना नदीच्या काठी अहमदनगर वसवले, आणि राजाचा मुक्काम तिकडे गेला. एरवी असे झाले की गावात घुबडे नांदू लागतात. जुन्नरात व्यापार नांदत राहिला. १९ फेब्रुवारी १६३० रोजी समोरच्या शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला, आणि १६५७ च्या एप्रिलमध्ये त्याच महाराजांनी रात्री तटाला शिड्या लावून मोगलांच्या ताब्यातल्या या पेठेवर छापा घातला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. राजधानी गेल्यावर दीडशेहून अधिक वर्षांनीही लुटण्याजोगे एवढे जिथे होते, त्या गावाची मांडणी चांगली होती, असेच म्हणावे लागेल.

जुन्नरच्या धंद्यांत मला विशेष जिव्हाळा वाटतो तो कागदाचा. ज्याचा जन्म कागद काळे करण्यात आणि दुसऱ्यांनी काळे केलेले कागद तपासण्यात गेला, त्याला तो वाटणारच. जुन्नरी कागद एके काळी दफ्तरांत मानाने वापरला जाई. कागदी समाजाची मुसलमान कुटुंबे तो बनवीत. जुनी गोणपाटे आणि दोरखंडे तोडून चुन्यात भिजवायची, कुटायची, नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायची आणि पुन्हा कुटायची. मग तो लगदा हौदात कालवून गवताच्या चटईवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. म्हणजे या कारखान्याचा कच्चा माल कोणता? पेठेत मालाबरोबर आलेली आणि निकामी झालेली पोती! आणि यंत्र कोणते? कुकडीचे पाणी! पेठेच्या केरातून पेठेच्या वह्या निघत होत्या. याहून आटोपशीर मांडणी कोणत्या बेटावर साधेल? गिरण्यांचा स्वस्त कागद आला तेव्हा हा धंदा बसला. त्याची मांडणी अखेरपर्यंत बिनचूक होती. भाव मात्र दूरच्या कोणी तरी पाडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्नर सोडून पूर्वेला नारायणगावला आलो. इथे काळही बदलतो आणि वाटही बदलते. नाणेघाटाची वाट ओस पडली. आता पुणे–नाशिक हमरस्ता हा या मुलुखाचा कणा झाला आहे. थोडे उत्तरेला हाच रस्ता कल्याणहून माळशेज घाटाने येणाऱ्या रस्त्याला छेदतो आणि त्या छेदावर आळेफाटा नावाची एक गजबजलेली पेठ उभी राहिली आहे. मूळचे आळे गाव आपल्या जागी राहिले आणि फाट्याचेच शहर झाले. घाटाच्या तोंडाशी जुन्नर, रस्त्याच्या चौकात आळेफाटा. दोन हजार वर्षांनी कायदा तोच.

नारायणगावचा टोमॅटोचा बाजार हंगामात पाहण्यासारखा असतो. प्लॅस्टिकच्या क्रेटांच्या लाल भिंती, त्यांतून वाट काढणारे टेम्पो, परराज्यांतून आलेले व्यापारी आणि शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा तो ताण. टोमॅटो हे तंबाखूसारखे साठवून ठेवायचे पीक नव्हे. आज तोडलेला माल आज विकला पाहिजे. २०२३ च्या मे महिन्यात इथल्या टोमॅटोला मातीमोल भाव होता; शेतकऱ्यांनी तो रस्त्याच्या कडेला ओतला. जुलैमध्ये त्याच टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला. ज्यांनी मेमध्ये वैतागून बाग उपटली त्यांनी कपाळाला हात लावला. ज्यांनी नेटाने ठेवली त्यांनी कर्जे फेडली.

“या पिकाला फायद्याचे म्हणायचे की तोट्याचे?” मी भाच्याला विचारले.

तो बराच वेळ क्रेटांकडे पाहत राहिला. “खेळात भाव हळूहळू हलतो, मामा. दोन महिन्यांत असा उलटला तर लोक खेळ परत करतील.”

शेतकऱ्याला खेळ परत करायची सोय नाही, एवढाच काय तो फरक.

नारायणगावचा दुसरा माल मात्र नासणारा नाही. हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन आपल्या जत्रेसाठी बारी ठरवतात, सुपारी देतात. भाच्याच्या बेटावर करमणुकीची घरे बांधावी लागतात ती प्रजा खूश राहावी म्हणून. नारायणगावने करमणुकीचाच निर्यातीचा धंदा केला! याच मातीतल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या नावावर गावोगावची मैदाने भरत. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. आता राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. कच्च्या मालापेक्षा पक्क्या मालाला भाव जास्त, हे खरे. पण तो भाव करणाराच्या पदरात पडतो की नाही, हा हिशेब निराळा ठेवावा लागतो.

नारायणगावपासून जवळच खोडद आहे, आणि तिथे या मुलुखातला सर्वांत विलक्षण धंदा चालतो. शेतांच्या मधोमध पंचेचाळीस मीटर व्यासाच्या प्रचंड ताटल्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही रेडिओ दुर्बीण, जी.एम.आर.टी. अशा तीस ताटल्यांपैकी चौदा खोडदजवळ दाटीने बसवल्या आहेत आणि उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर दूरवर विखुरल्या आहेत, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. त्या तारांच्या जाळीच्या असल्यामुळे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्याचे एक मोठे कारण म्हणजे इथली शांतता. कानांना जाणवणारी नव्हे, रेडिओलहरींची शांतता. भोवती डोंगरांचा आडोसा आणि मोठ्या शहरांचा गोंगाट दूर. त्याआधी १९७० च्या दशकाच्या आरंभी जवळच्या आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभारले गेले, तेही डोंगरांच्या कुशीत.

भाचा इथे खऱ्या अर्थाने गप्प झाला. त्याच्या शास्त्रात जमिनीत लोखंड आहे, सोने आहे, तेल आहे. पण ‘काही नसणे’ हेही एखाद्या जागेचे धन असू शकते, याला कळ नाही. मात्र या धनाचीही किंमत द्यावी लागते. दुर्बिणीला बाधा होऊ नये म्हणून आसमंतात मोठ्या उद्योगांवर बंधने आली. पुणे–नाशिक लोहमार्गाची आखणी या भागातून होती, तिलाही याच कारणाने हरकत आली आणि दुसरा मार्ग शोधण्याची पाळी आली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर ऐकायची तर खोडदच्या पोराला गावाजवळच्या कारखान्यातली नोकरी मिळत नाही. कोणाचे बरोबर, हे सांगणे मोठे कठीण. दोघांचेही आहे.

तिथून परत हमरस्त्याला लागून दक्षिणेला उतरले की मंचर येते, आणि आपण आंबेगाव तालुक्यात शिरतो. मंचर म्हणजे कांदे-बटाट्यांचा नि भाजीपाल्याचा मोठा बाजार. जवळच्या सातगाव पठाराचा बटाटा प्रसिद्ध आहे. या दोन्ही तालुक्यांच्या सखल भागात उसाचे राज्य आहे. जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून शेताजवळ कारखाना हवाच. बेटावरचा नियम इथे तंतोतंत पाळला आहे, आणि सहकारामुळे नफ्याचा वाटा शेतकऱ्याच्या दारापर्यंत गेला, हेही खरे.

पण उसाबरोबर आणखी एक रहिवासी आला. बाराही महिने उभे असलेले गर्द, ओलसर, निवांत पीक पाहून बिबट्याने त्याला रान मानले. बिबट्याची मादी उसात विते आणि तोडणीच्या वेळी पिल्ले सापडतात. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात माणसांवर हल्ले वाढले, आणि पुढे माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले. अजूनही इथला शेतकरी रात्री मोटार सुरू करायला निघाला की हातात काठी आणि विजेरी घेतो आणि मोठ्याने बोलत जातो. कारखान्याच्या आराखड्यात ही नोंद कोणी केली नव्हती.

हा ऊस कशावर उभा आहे? धरणांच्या पाण्यावर. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे आहेत. त्यांतले डिंभे हे घोड नदीवर, आंबेगाव तालुक्यात. त्याचे पाणी कालव्यांनी खाली उतरते. काही येडगावच्या धरणात जाऊन पुढे थेट अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या कोरड्या तालुक्यांपर्यंत पोचते. दुष्काळी मुलुखाला पाणी मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण शेवटच्या दिवशी घोडेगावहून आम्ही डिंभ्याच्या वरच्या अंगाला गेलो तेव्हा या मांडणीची दुसरी बाजू समोर आली.

वाचकांपैकी पुष्कळांना हे ठाऊक नसेल, की आंबेगाव तालुक्यात ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगाव आता नांदत नाही. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला आणि आंबेगाव पाण्याखाली. उन्हाळ्यात धरण फार आटले की जुन्या गावाच्या देवळांचे नि घरांचे अवशेष वर येतात. पाऊस पडला की पुन्हा बुडतात. आंबेगावाबरोबर घोडीच्या खोऱ्यातली आणखी कित्येक गावे गेली. त्यांत बहुसंख्य महादेव कोळी या आदिवासी जमातीचे लोक होते. काही खाली हलले. पुष्कळ जण हलले नाहीत. ते धरणाच्या काठी, डोंगराच्या अंगावर वर सरकले. नदीकाठची चांगली भातजमीन पाण्यात गेली. आणि पाणी उताराने वाहते, हा तर सृष्टीचा नियम. त्यामुळे ज्यांच्या जमिनीवर पाणी साठले, ते त्याच्या वरच्या बाजूला राहिले, आणि कालवा मात्र खाली गेला.

या लोकांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळात ते पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. सहकारी संस्था काढून जलाशयात मासेमारी करू लागले. डोंगरउतारावर एकमेकांच्या श्रमाने बांध घालून भातखाचरे करण्याची त्यांची जुनी रीत आहे, तिला पडकई म्हणतात. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या, अशी ती चालते. ज्यांच्या वाट्याला नकाशाची कड आली, त्यांनी त्या कडेवरही मांडणी केली.

डोंगराच्या अंगावर राहण्याचे मोल काय असते, ते याच खोऱ्यातल्या माळीणने साऱ्या देशाला दाखवले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, अतिवृष्टीत, माळीणवर डोंगर आला. १५१ माणसे गेली. सकाळच्या एस.टी.च्या चालकाला गावच जागेवर दिसले नाही, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला वार्ता कळली. नवे माळीण आमडे येथे आखून-रेखून बांधले गेले आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये लोक तिथे राहायला गेले. त्याच वर्षीच्या पावसात तिथले काही रस्ते आणि भराव खचले, तेव्हा लोकांच्या पोटात पुन्हा गोळा उठला. सह्याद्रीचा उतार कागदावरच्या रेघांना सहजी वश होत नाही.

माळीणचे स्मारक पाहून आम्ही परतत होतो. भाच्याने बराच वेळ तोंड उघडले नव्हते. एका वाडीवर पाणी प्यायला थांबलो. अंगणात हिरडा वाळत घातला होता. कोवळी फळे वाळवून केलेला हा बाळहिरडा. घरच्या आजीबाईंनी तांब्या पुढे केला आणि भाच्याला विचारले, “कुठलं रं तू, लेकरा?” पुण्याचा म्हटल्यावर म्हणाल्या, “मंग हिरडा तुमच्याकडंच येतो की. चूर्णात घालत्यात.”

पश्चिमेकडच्या गावांना रोख पैसा देणारे मुख्य साधन म्हणजे हा हिरडा. त्रिफळ्यात तो लागतो, कातडी कमावण्याला लागतो. चैत्र-वैशाखात सारे घर झाडाखाली असते; झोडणे, वेचणे, वाळवणे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याच्या झाडांची फार हानी झाली आणि नुकसानभरपाईसाठी लोकांना पुष्कळ झगडावे लागले. भाताचे नुकसान मोजायची सरकारी रीत आहे, रानातल्या झाडाच्या फळाचे मोजायची नव्हती. एवढे करून हिरडा बहुतेक पोत्यांत भरून तसाच खाली जातो. चूर्ण, अर्क, औषधे दुसरीकडे होतात. हिरड्यावरचा कारखाना डोंगरातच निघावा, ही इथली जुनी मागणी आहे.

गाडीत बसल्यावर भाचा बोलला. “मामा, पहिला नियमच मोडलाय इथे. कच्चा माल कच्चाच पाठवायचा नाही. खाली उसाला लावला तो नियम वर हिरड्याला का नाही लावला?”

मी त्याला उत्तर दिले नाही. त्याने चार दिवसांत जे शोधून काढले, ते शोधायला मला दुसरे कोणतेही शास्त्र शिकवता आले नसते. उसाचा कारखाना शेताजवळ आला, कारण ऊसवाल्यांच्या हातात सत्ता होती, कर्ज होते, सभासदत्व होते. हिरडा झोडणाऱ्यांच्या हातात आकडी होती. फायद्याचा धंदा कोणता, हा प्रश्न अर्धाच असतो. तो फायदा कोणाच्या अंगणात उतरतो, हा त्याचा दुसरा अर्धा.

जुन्नरचा प्रदेश २०१८ साली शासनाने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, आणि ते योग्यच झाले. वाचकांनी जरूर जावे. शिवनेरीवर माथा टेकवावा, लेण्याद्रीला आणि ओझरला जावे, पावसाळ्यात नाणेघाटात उलटा उडणारा धबधबा पाहावा. पण एक दिवस घोडेगावच्या वरच्या अंगासाठी राखून ठेवावा. जाताना कालवा जिथून निघतो ती जागा पाहावी आणि मग उलट दिशेला, पाण्याच्या वरच्या काठाने, जिथवर रस्ता जाईल तिथवर जावे. वैशाखात गेलात तर एखाद्या अंगणात हिरडा वाळत असेल. पायलीभर विकत घ्यावा. घासाघीस करू नये.